बाईने काढलेले नग्नचित्र कसे पाहावे

गेल्या महिन्यात एका कलादालनात माझी बारा रेखाचित्रे लागली होती. उद्घाटनाला अर्धा तास उरला असताना व्यवस्थापकांनी त्यांतल्या एकावर स्वहस्ते वर्तमानपत्र चिकटवले. चित्रात पन्नाशीची एक बाई भर दुपारी पलंगावर उघडी पडली आहे, पोटावर सिझेरियनचा व्रण आहे आणि चेहऱ्यावर तृप्ती आहे. व्रण एक वेळ चालला असता, असे मला मागाहून समजले. तेव्हा अशा बिकट प्रसंगी सुजाण रसिकांनी कसे वागावे, याविषयी अनुभवाचे चार बोल.

चित्राआधी नावाची पाटी वाचावी. नाव पुरुषाचे असल्यास मान किंचित कलती करून ‘रेषेला काय लय आहे!’ असे म्हणावे. बाईचे असल्यास ‘घरी चालते का हे?’ असे हळूच विचारावे.

चित्रकर्तीचे वयही विचारून घ्यावे.

परंपरेचा दाखला देताना खजुराहोपुढे जाऊ नये. गाथासप्तशतीचा उल्लेख तर कटाक्षाने टाळावा, कारण मराठीच्या अभिजात दर्जासाठी जो प्राचीन प्राकृत ग्रंथ आपण पुरावा म्हणून मिरवला, त्यातल्या कितीतरी गाथांत बायका आपल्या ओढीविषयी आपल्याच तोंडाने बोलतात.

‘इथे लहान मुले येतात’ हे वाक्य पाठ असावे. मला ते तीनदा ऐकवण्यात आले, आणि तिन्ही वेळा ऐकवणारे गृहस्थ शेजारच्या दालनातून नुकतेच बाहेर पडत होते, जिथे पाच फुटी कॅनव्हासवर एक ओलेती पाणवठ्यावर उभी होती, घडा एवढासा, बाकी सारे भरघोस, आणि डोळे मिटलेले, कारण पाहण्याचे काम तिचे नव्हतेच. सहलीला आलेली शाळेची मुले तिच्यासमोर बसून डबे खात होती! न्यूयॉर्कच्या गुरिला गर्ल्स या स्त्री-कलावंतांच्या निनावी गटाने १९८९ साली मेट्रोपॉलिटन संग्रहालयात मोजदाद केली, तेव्हा आधुनिक कलेच्या विभागांत स्त्री-कलावंत ५ टक्क्यांहूनही कमी होत्या आणि नग्नचित्रांपैकी ८५ टक्के बायकांची होती. म्हणजे बाईने भिंतीवर चढावे, कपडे उतरवून चढावे, फक्त कुंचला तिच्या हाती नसावा. आमच्या अमृता शेरगिलने १९३४ सालीच स्वतःला कमरेपर्यंत उघडे रंगवले आणि मागे पुरुषाची नुसती सावली ठेवली. त्या सावलीचा अर्थ तुम्हाला अजून लागलेला नाही.

आता सरळच बोलते. २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने सीमाशुल्क विभागाने जप्त केलेली सूझा आणि पदमसी यांची चित्रे सोडवली, तेव्हा ‘नग्नता म्हणजे अश्लीलता नव्हे’ म्हणून तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या ना? मग माझ्या चित्रातली बाई कोणासाठीही सजलेली नाही, कोणाची वाट पाहत नाही आणि तरी सुखात आहे, एवढ्याने तुमचे काय जळते? दुसऱ्या दिवशी सत्तरीच्या एक बाई वर्तमानपत्राचा कोपरा उचलून बराच वेळ आत पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘माझाही व्रण असाच आहे हो.’ त्यांच्या देहाचे असे चित्र आजवर कोणी काढले होते? तुम्ही? तुम्हाला चिकटपट्टी तरी धड लावता येते का? ती काढताना कागदाचा डावा कोपरा सोलून निघाला आहे. नुकसानीचे बिल पाठवले आहे, ते आधी भरा.