‘फ्रँकेन्स्टाइन’ मेरी शेलीचीच

‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी मेरी शेलीने नव्हे, तर तिचा नवरा कवी पर्सी शेली याने लिहिली, असा दावा पुन्हा फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

गैरसमज जुनाच. १८१८ साली लंडनमध्ये पहिली आवृत्ती निघाली ती लेखकाच्या नावाशिवाय, आणि तिची प्रस्तावना पर्सीने लिहिलेली. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटनेही परीक्षण लिहिताना पुस्तक पर्सीचेच धरले. १८२३च्या आवृत्तीवर मेरीचे नाव आले, तरी शंका काही थांबल्या नाहीत. १८१६च्या उन्हाळ्यात, जिनिव्हाच्या सरोवराकाठी, अठरा वर्षांच्या मुलीला असे काही सुचलेच कसे, हा त्यामागचा खरा प्रश्न. मला तो अन्यायाचा वाटतो.

कारण पुरावा समोर आहे. ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात कादंबरीचा कच्चा खर्डा जपून ठेवला आहे. मूळ मजकूर मेरीच्या अक्षरात, त्यावर पर्सीच्या दुरुस्त्या. चार्ल्स रॉबिन्सन या अभ्यासकाच्या हिशेबाने सुमारे ७२,००० शब्दांत पर्सीचे चार-पाच हजार. बऱ्याच ठिकाणी तर त्याने मेरीचा साधा शब्द खोडून जड शब्द घातला आहे. हे संपादकाचे काम झाले, लेखकाचे नव्हे. पर्सी १८२२मध्ये वारला. १८३१च्या आवृत्तीसाठी मेरीने कादंबरीवर पुन्हा हात फिरवला, आणि एकही प्रसंग आपल्याला नवऱ्याने सुचवलेला नाही, हे तिच्या प्रस्तावनेत स्वतःच सांगितले.