हमी महाग की गळका स्लॅब?

फ्लॅटच्या भावांवरच्या एका लेखात म्हटलंय, रेराच्या (घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी बिल्डरांवर बंधनं घालणारा कायदा) कलम १४(३)मुळे ताबा दिल्यापासून ५ वर्षं बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर राहते, तो हा खर्च आधीच भावात धरतो आणि फ्लॅट महागतो. धरत असेलही. पण आमच्या जळगावात मे महिन्यात पारा ४५च्या घरात जातो. तेव्हा टाकलेल्या स्लॅबवर बांध घालून पाणी साठवलं नाही तर तडे जाणारच. आमच्या स्लॅबवर दोन दिवस पाइप फिरवला, झालं क्युरिंग (नवं काँक्रीट ओलं ठेवणं)! पहिल्याच पावसाळ्यात बेडरूम गळली. शेवटी गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला आठही घरांनी वर्गणी काढली. मग स्वस्त काय पडलं भाऊ?

खरी गोम वेगळीच. प्लॉट ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट ८ पर्यंत असले की रेराची नोंदणी लागत नाही. आमच्या बिल्डिंगीत मोजून आठच! दोष कळवल्यापासून ३० दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, असं कायदा सांगतो, आमचा बिल्डर म्हणाला, "ते मोठ्या स्कीमचं." १९६३च्या मोफा (महाराष्ट्राचा जुना फ्लॅट-मालकी कायदा) कायद्यातही ताब्यापासून ३ वर्षांत दोष कळवला तर दुरुस्तीची सोय आहे, हे वकिलाकडे गेल्यावर कळलं. तोवर ताब्याला चौथं वर्ष लागलं होतं.