कॅनडाच्या वर्क परमिटचा खर्च कोणाचा? एका फॉरवर्डला मुद्देसूद उत्तर

नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या वेल्डर, फिटर, सीएनसी ऑपरेटरांच्या ग्रुपवर, आणि आता निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवरही, कॅनडाच्या वर्क परमिटबद्दल एक मेसेज फिरतोय. सार असं: ‘एलएमआयए’ (बाहेरून माणूस आणायला कॅनडा सरकारचा होकार) काढायला पंधरा लाखांच्या आसपास लागतात आणि ते कामगारानेच भरायचे. परमिट हातात आलं की कंपनीचा संबंध संपला, राहणं-दवाखाना ज्याचं त्याने बघायचं. पासपोर्ट कंपनीत जमा. तक्रार केली तर मालक डिपोर्ट करतो. एलएमआयए असला की पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, पक्कं. आणि कॅनडाला एमिग्रेशन क्लिअरन्स (परदेशी कामाला जायची भारत सरकारची मंजुरी) लागत नाही, म्हणून एजंटकडे परवाना मागायची गरज नाही. शेवटी अर्थातच ‘जागा मर्यादित, टोकन भरा’. पाठवणारा बहुतेक वेळा ओळखीचाच असतो, त्यामुळे वाचणारा विश्वास ठेवतो.

पैशांपासूनच सुरू करू, कारण बाकीचे दावे त्याच्याच आधाराने उभे आहेत.

कॅनडातल्या मालकाला बाहेरून माणूस आणायचा असेल तर आधी त्याने सरकारला पटवून द्यावं लागतं की जाहिरात देऊनही या कामाला स्थानिक माणूस मिळाला नाही. सरकार ते तपासून होकार-नकार देतं, तोच एलएमआयए. अर्ज करतो मालक, कागद निघतो मालकाच्या नावाने. त्याची सरकारी फी दर जागेमागे १,००० कॅनेडियन डॉलर, म्हणजे आपले साठ-पासष्ट हजार रुपये. ती मालकाने भरायची आणि कामगाराकडून कुठल्याही वाटेने वसूल करायची नाही, ना रोख, ना पगारातून कापून. शेतातल्या प्रत्यक्ष कामांना तर ही फीच माफ आहे. म्हणजे द्राक्षबागेतल्या छाटणी-तोडणीच्या कामासाठी ‘एलएमआयए फी’ म्हणून जे लाखो रुपये मागितले जातात, त्यातला एक डॉलरही सरकारकडे जात नाही.

२६ सप्टेंबर २०२२ पासून तिथले नियम आणखी कडक झाले. भरतीचा खर्च मालकाने कामगारावर टाकायचा नाही, एवढंच नव्हे. त्याने नेमलेल्या एजंटाने परस्पर पैसे उकळले, तरी जबाब मालकालाच द्यावा लागतो. ‘ते आमच्या माणसाने नाशकात घेतले, आम्हाला काय माहीत’ हे उत्तर चालत नाही.

खरं तर हे नाशिककरांना समजावून सांगायची गरज पडू नये. छाटणीच्या हंगामात पेठ-सुरगाण्याहून माणसं आणताना बागायतदार उचल देतो, गाडी पाठवतो, राहायची सोय करतो. माणूस ज्याला हवाय तो पैसे मोजतो. मग समुद्र ओलांडला की कामगाराने शेत गहाण टाकून मालकाला ‘उचल’ द्यायची, हा उलटा व्यवहार आपल्याला खटकत का नाही?

कामगाराने काय भरायचं? वर्क परमिटच्या अर्जाचे १५५ डॉलर, बायोमेट्रिक्सचे ८५, आणि मेडिकल, पासपोर्ट असे स्वतःचे कागद. अर्ज भरून द्यायला सल्लागार लावला तर त्याची फी कामगार देऊ शकतो, ते बेकायदा नाही. पण कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला देणारा तिथला वकील किंवा परवानाधारक सल्लागार असावा लागतो, आणि परवानाधारकांची यादी इंटरनेटवर कोणालाही पाहता येते. नाशिकच्या कॅनडा कॉर्नर चौकात बोर्ड लावला म्हणून कोणी कॅनडाचा सल्लागार होत नाही.

तिकिटाचं मात्र सरसकट उत्तर नाही. कमी पगाराच्या प्रवर्गात आणि शेतीच्या प्रवर्गात जाण्या-येण्याचा दोन्ही बाजूंचा खर्च मालकाचा. जास्त पगाराच्या जागेला तशी सक्ती नाही, तिथे करारात काय लिहिलंय ते बघायचं.

आता ‘परमिट आलं की कंपनीचा संबंध संपला’. कंपनीची जबाबदारी खरी सुरू होते ती तिथेच. जॉब ऑफरमध्ये जो पगार आणि जे काम लिहिलंय तेच द्यावं लागतं. दोघांच्या सह्या असलेल्या कराराची प्रत कामगाराला मिळायलाच हवी, आणि कामाच्या पहिल्या दिवशीच्या आत त्याच्या हक्कांची लेखी माहितीसुद्धा. प्रांताची सरकारी आरोग्य योजना लागू होईपर्यंतच्या काळासाठी तातडीच्या उपचारांचा खासगी विमा मालकाने स्वतःच्या पैशाने काढायचा. हप्ता पगारातून कापता येत नाही. कमी पगाराच्या जागेसाठी परवडणारं घर उपलब्ध आहे याची खात्री मालकाने करायची. शेतीच्या प्रवर्गात घर त्यानेच द्यायचं, आणि शेतावर राहायला दिलं तर आठवड्याला जास्तीत जास्त ३० डॉलर कापता येतात. सहा वर्षांपर्यंत तपासणी होऊ शकते, म्हणून कागदपत्रंही सहा वर्षं जपावी लागतात. निरीक्षक न कळवताही येऊ शकतो आणि कामगारांशी बोलू शकतो.

पासपोर्टचा दावा दोन ओळींत निकालात निघतो. कॅनडात मालकाला कामगाराचा पासपोर्ट किंवा परमिट काढून घेता येत नाही. आणि १९६७ च्या आपल्या पासपोर्ट कायद्यानुसार आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्ये छापली जाणारी ती पुस्तिका भारत सरकारच्या मालकीची असते, कुठल्याही कंपनीच्या तिजोरीची नव्हे.

‘तक्रार केली तर डिपोर्ट’ हा दावा सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण तो अर्धा खरा वाटतो. अशा परमिटवर एकाच मालकाचं नाव असतं, दुसरीकडे काम करता येत नाही, ही गोष्ट खरी. भीती येते ती तिथून. पण कोणाला देशाबाहेर काढायचं हे सरकार ठरवतं, मालक नाही. तक्रार केली म्हणून त्रास देणं, कामावरून काढणं हाही नियमभंग आहे. जून २०१९ पासून तिथे एक वेगळी सोय आहे: मालकाकडून छळ होत असेल किंवा होण्याचा धोका असेल, तर कॅनडात असलेल्या कामगाराला मालकाचं नाव नसलेलं खुलं परमिट मागता येतं, आणि या अर्जाला फी नाही. पुरावा लागतो, म्हणून पगाराच्या स्लिपा, व्हॉट्सॲप मेसेज, एजंटाला पाठवलेल्या पैशांच्या नोंदी पुसू नका. नाव न सांगता तक्रार करायलाही सरकारी टिपलाइन आहे. दोषी मालकाला दर नियमभंगामागे ५०० ते १,००,००० डॉलर दंड होतो, वर्षाला जास्तीत जास्त दहा लाख. काही वर्षांची किंवा कायमची बंदी येते, आणि त्याचं नाव सरकारी संकेतस्थळावर झळकतं.

नियम आहेत म्हणून तिथे सगळं आलबेल आहे, असं माझं म्हणणं नाही. आधुनिक गुलामगिरीविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी तोमोया ओबोकाता यांनी २०२३ मध्ये कॅनडाला भेट दिल्यावर परदेशी कामगार आणण्याच्या याच कार्यक्रमावर सडकून टीका केली, आणि तिचं एक मोठं कारण एका मालकाला बांधणारं परमिट हेच होतं. पण ‘छळ होतो’ आणि ‘छळ हाच नियम आहे’ यात फरक आहे. मेसेज यातली दुसरी गोष्ट सांगतोय, आणि त्याचा फायदा नेमका छळणाऱ्यालाच होतो.

पीआरचं गणित जुनं झालंय. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे गुणांवरून पीआर द्यायच्या कॅनडाच्या पद्धतीत, जॉब ऑफरला ५० किंवा २०० जादा गुण मिळायचे, म्हणून एलएमआयएचा काळाबाजार चालायचा. तो मोडायलाच २५ मार्च २०२५ पासून ते गुण काढून टाकले. एलएमआयए लाखो रुपयांना विकणारे हे सांगत नाहीत. खोटी ऑफर जोडून अर्ज केला आणि पकडला गेला तर अर्जदारावर पाच वर्षं बंदी येते, तीही सांगत नाहीत.

राहिला एजंटाचा परवाना. मेसेजमध्ये दोन गोष्टींची सोयीस्कर सरमिसळ आहे. एमिग्रेशन क्लिअरन्स ठरावीक १८ देशांसाठी आणि ठरावीक पासपोर्टधारकांना लागतो. त्या यादीत कॅनडा नाही, इथपर्यंत बरोबर. पण परदेशातल्या नोकरीसाठी माणसं भरती करणाऱ्याला आपल्याकडच्या १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली नोंदणी लागते, मग देश कोणताही असो. नोंदणीकृत एजंटांची यादी भारत सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर दिसते. त्यांना सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. पंधरा लाख कुठे आणि हे कुठे!

मी पाहिलेल्या मेसेजमध्ये तीन फोन नंबर होते, मालकाचं नाव एकही नव्हतं. एलएमआयए मालकाशिवाय निघतच नाही, मग नाव लपवायचं कारण काय? टोकन मागणाऱ्याकडे आधी नोंदणी क्रमांक, कॅनडातल्या मालकाचं पूर्ण नाव-पत्ता आणि कराराचा मसुदा मागा. क्रमांक ई-मायग्रेटवर आणि मालकाचं नाव कॅनडा सरकारच्या नियमभंग करणाऱ्या मालकांच्या यादीत तपासून बघा. दोन्ही फुकट आहे, आणि मोबाइलवर होतं.