अस्सल वाद्याला मंदी शिवत नाही?

संगीतप्रेमींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे. माझ्याकडे तो तीन ठिकाणांहून आला, आणि तिन्ही वेळा खाली टाळ्या होत्या. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: मंदीत स्वस्त माल मरतो, उंची माल तरतो, कारण श्रीमंतांच्या खिशाला झळ बसत नाही. १९२९च्या महामंदीत स्टाइनवेचे पियानो आणि मार्टिनच्या गिटारी निव्वळ दर्जाच्या जोरावर टिकल्या. स्ट्रॅडिव्हेरियस व्हायोलिन तर पडत्या काळातही कोट्यवधींना जातं. तेव्हा सतार-तंबोरे घडवणाऱ्या मिरजेच्या कारागिरांनी रडगाणं थांबवावं, स्वस्त वाद्यं आणि दुरुस्त्या सोडाव्यात आणि फक्त लाखमोलाची वाद्यं करावीत.

मी गाणं शिकवते. माझा तंबोरा मिरजेचा आहे, आणि शेवटचा सल्ला वाचून मला मनापासून वाईट वाटलं. म्हणून हा प्रतिवाद.

पहिली चूक ‘श्रीमंत घेतात’ या गृहीतकात आहे. उंची घड्याळ श्रीमंत माणूस घेतो. उंची वाद्य बहुतेक वेळा वाजवणारा घेतो. तंबोरा गायक, शिक्षक आणि संगीत विद्यालयं घेतात, पियानो शाळा आणि सभागृहं घेतात. यांचं उत्पन्न मैफली, शिकवण्या आणि अनुदानांवर चालतं, आणि हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिली कात्री तिथेच लागते. २०२० आठवा. सभागृहांना कुलपं लागली, पुण्याचा सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव त्या वर्षी झाला नाही. ज्याच्या तारखाच रद्द झाल्या तो नवा तंबोरा कशाला सांगेल?

शिवाय चांगलं वाद्य टिकतं. नीट सांभाळलेला तंबोरा गुरूकडून शिष्याकडे जातो, चाळीस-पन्नास वर्षं सहज गातो. म्हणजे नव्या वाद्याची खरेदी नेहमीच पुढे ढकलता येते. पियानोच्या धंद्यात तर सगळे मान्य करतात की नव्या स्टाइनवेचा सर्वांत मोठा स्पर्धक म्हणजे जुना स्टाइनवे. दिवस वाईट आले की घरोघरचे जुने पियानो बाजारात येतात आणि त्याच कारखान्याच्या नव्या मालाचा भाव पाडतात. उत्तम वस्तू करणाऱ्याला हा भुर्दंड पडतोच.

आता महामंदी. इथे मजकूर लिहिणाऱ्याने जगले तेवढेच मोजले, गेलेल्यांकडे बघितलंच नाही. चिकरिंग, क्नाबे, मेसन अँड हॅमलिन ही त्या काळच्या अमेरिकेतली पियानोंची पहिल्या रांगेतली नावं. मेसन अँड हॅमलिनला स्टाइनवेच्या बरोबरीचा मानणारे वादक तेव्हाही होते, आजही आहेत. ही तिन्ही नावं ज्या अमेरिकन पियानो कंपनीकडे होती ती १९२९मध्ये दिवाळखोरीच्या दारात गेली आणि १९३२मध्ये एओलियन या दुसऱ्या पियानो कंपनीत विलीन झाली. त्यांच्या पियानोंचा दर्जा त्या तीन वर्षांत बिघडला होता का? मुळीच नाही.

आणि जगलेले तरी कसे जगले? १९२०च्या दशकाच्या मध्यावर वर्षाला सहा हजारांवर पियानो विकणाऱ्या स्टाइनवेला १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला काही काळ नवे पियानो बनवणंच थांबवावं लागलं. मग पुढे त्यांनी काय केलं? लहान घरांत मावेल असा पाच फुटांच्या आसपासचा छोटा ग्रँड पियानो काढला. आधीपेक्षा लहान, आधीपेक्षा स्वस्त.

मार्टिनची कथा मला जास्त शिकवून जाते. पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावचा हा घराण्याचा कारखाना. महामंदीत पगार कापले, कामाचा आठवडा तीन दिवसांवर आणला. व्हायोलिनचे सुटे भाग करून पाहिले, लाकडी दागिनेसुद्धा करून पाहिले. त्याच वर्षांत त्यांनी गळ्यावरचे चौदा पडदे पोटाच्या बाहेर मोकळे असलेली गिटार रुळवली आणि १९३१मध्ये आपल्या नावाने मोठ्या पोटाची ड्रेडनॉट काढली, जिच्या घडणीची नक्कल आज जगभर होते. कलामझू शहरातल्या गिब्सन या गिटारींच्या कारखान्याने तर लाकडी खेळणी विकली आणि ‘कलामझू’ या वेगळ्या नावाने स्वस्त गिटारी काढल्या. १९३४मध्ये त्याच गिब्सनने चारशे डॉलरची ‘सुपर ४००’ही आणली, हे खरं. पण कारखान्याचा हात त्या एका गिटारीवर चालत नव्हता. घडवणारी माणसं कामाला लावून ठेवायची, मग ती खेळणी का करेनात, एवढंच त्या वर्षांत महत्त्वाचं होतं. हात एकदा दुसऱ्या धंद्याला गेला की परत येत नाही. सुतार पुन्हा मिळेल, सूर ओळखणारा सुतार मिळणार नाही.

उलट, सुगीच्या दिवसांतही उंची नाव बुडू शकतं. मे २०१८मध्ये गिब्सनने दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा मंदी नव्हती आणि गिटारी चांगल्या खपत होत्या. कर्ज झालं होतं ते फिलिप्सचा घरगुती ऑडिओचा धंदा विकत घेण्यासारख्या हौसेपायी. पॅरिसचं प्लेएल घ्या: १८०७पासूनचं घराणं, खुद्द शोपँचा आवडता पियानो, तरी २०१३मध्ये त्यांनी फ्रान्समधलं उत्पादन बंद केलं.

स्ट्रॅडिव्हेरियसच्या मुद्द्याला फार वेळ द्यायची गरज नाही. २०११मध्ये ‘लेडी ब्लंट’ हे व्हायोलिन सुमारे १.५९ कोटी डॉलरना विकलं गेलं; पैसे जपानच्या भूकंपग्रस्तांसाठी गेले, फार चांगलं झालं. पण ते घडलं १७२१मध्ये आणि घडवणारा स्ट्रॅडिव्हेरी वारला १७३७मध्ये. लिलावात चढलेल्या भावातला एक पैसाही आज रंधा मारणाऱ्या कुणाच्या हातात पडत नाही.

राहिली मिरज. तिथली तंतुवाद्यांची कला मुळात पडत्या काळातूनच उभी राहिली. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, ती घडवणारे. इंग्रजी अंमल आला, तलवारीचं काम संपत गेलं, आणि एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब शिकलगारांच्या घराण्याने सतार-तंबोऱ्याचं काम हाती घेतलं. ज्यांच्या वाडवडिलांनी अख्खा धंदा बदलला, त्यांना मंदीत कसं वागावं हे शिकवू नये. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने नकली मालापासून नाव वाचेल, पण गिऱ्हाईक आपोआप येणार नाही.

या धंद्यात पैसा आधी जातो. भोपळा मंगळवेढा-पंढरपूर भागातून येतो, लाकूड कर्नाटकातून. भोपळ्याचं पीक हंगामात निघतं, तेव्हाच घेऊन ठेवावं लागतं, मग ते वाळवायचं, निवडायचं. आकार चांगला पण भिंत पातळ, असे कितीतरी बाद होतात. लाकूडही मुरायला हवं. म्हणजे आज विकलेल्या तंबोऱ्याचा पैसा फार आधी अडकलेला असतो, आणि मागणी थांबली की तो तिथेच छताला टांगून राहतो.

मधली वर्षं कशावर निघतात, ते मी पाहिलं आहे. लॉकडाऊन उठल्यावर तंबोरा जवारीसाठी, म्हणजे घोडीचा माथा घासून तारेचा झणकार पुन्हा जुळवून घेण्यासाठी, घेऊन मिरजेला गेले होते. कारागिराने घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, सुटी केली, माथ्यावर बारीक कानस दोन-तीनदा फिरवली, पुन्हा बसवली, तार लावली. मग तारेखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे. कान लाकडाजवळ. बराच वेळ आवाज कोरडा येत होता, आणि एका क्षणी खर्ज असा उलगडला की अंगावर काटा आला. या कामाचे त्यांनी घेतले ते पैसे सांगायलाही मला संकोच वाटतो. शेजारी शाळेसाठी केलेल्या साध्या सतारींची रांग होती, आणि एक जुना, तडा गेलेला भोपळा सांधायला आलेला होता. त्या वर्षात नव्या तंबोऱ्याची एकही ऑर्डर नव्हती, असं ते म्हणाले. घर चाललं ते जवाऱ्यांवर, तारा बदलण्यावर आणि त्या साध्या सतारींवर.

मजकूर म्हणतो ते नेमकं हेच काम सोडा. ते सोडलं असतं तर माझी घोडी घासायला त्या दिवशी तिथे कुणी बसलेलं नसतं. ज्यांना खरोखर काही करायचं आहे त्यांनी घरातल्या कोपऱ्यात खोळीत पडलेला तंबोरा काढावा, जवारी गेली असेल तर मिरजेला पाठवावा, आणि पैसे देताना घासाघीस करू नये. मी गेले तेव्हा छताला २०१९चे भोपळे तसेच टांगलेले होते, प्रत्येकावर खडूने साल लिहिलेलं.