बाटलीत कोन्याक मुरत नाही हो!

तो मेसेज आज मला तिसऱ्यांदा आला. फ्रान्सच्या गोतिए घराण्याची पानिपतनंतरच्या वर्षीची, म्हणजे १७६२ ची कोन्याकची (द्राक्षांपासून केलेल्या फ्रेंच ब्रँडीची) मोठी बाटली, नेपोलियनसाठी बनवलेली, २५८ वर्षं बाटलीत मुरली म्हणून २०२० मध्ये लाखभर पौंडाला गेली, आणि तुम्हीही घरातली बाटली अशीच आडवी ठेवून द्या, नातवंडं श्रीमंत होतील.

लिलाव खरा आहे. सदबीज या लिलाव कंपनीने केला, १,१८,५८० पौंड आले. पण बाकीचं वाचून खरंच वाईट वाटतं.

नेपोलियनचा जन्मच १७६९ चा, त्याच्यासाठी १७६२ मध्ये कोण कशाला काय बनवेल? आजच्या लेबलवर 'नेपोलियन' असतं त्याचा अर्थ एवढाच की आतली दारू कमीत कमी ६ वर्षं पिंपात होती.

आता मुरण्याचं. कोन्याक मुरते ती ओकच्या पिंपात, लाकडातून रंग येतो, वास येतो, हवा लागते आणि दरवर्षी थोडी उडूनही जाते, त्याला तिकडे देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि त्या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीने गोदामांच्या भिंती आणि कौलं काजळी धरल्यासारखी काळी पडलेली असतात. फार वर्षं झाली की लाकूड जास्तच उतरायला लागतं, म्हणून जुना माल काढून काचेच्या मोठ्या बरण्यांत भरतात, म्हणजे मुरणं थांबावं म्हणूनच काच! ५० वर्षं पिंपात आणि २०० वर्षं काचेत राहिलेली कोन्याक ५० वर्षांचीच. १७६२ हे द्राक्षं तोडल्याचं साल आहे.

मोठ्या बाटलीत सावकाश मुरते ते वाईनचं. कोन्याकला मोठ्या बाटलीचा फायदा एवढाच, की बुचातून जे उडतं ते एकूण मालाच्या मानाने कमी.

आणि आडवी तर अजिबात ठेवू नका, एवढ्या कडक दारूने बूच खराब होतं. आमच्या काकांनी शोकेसमध्ये अठरा वर्षं आडवी ठेवलेली बाटली माझ्या बहिणीच्या लग्नात उघडली, बुचाचा भुसा झाला, शेवटी चहाच्या गाळणीने गाळली आणि चव ओल्या पुठ्ठ्यासारखी, काकांचा चेहरा बघवत नव्हता.

मग एवढे पैसे कशाचे? त्या सालच्या गोतिएच्या तीनच बाटल्या उरल्यात, ही त्यातली सगळ्यात मोठी, नावच 'थोरला भाऊ'. एवढ्या वर्षांत कुणी फोडली नाही, कुणी पिऊन टाकली नाही, त्याचे पैसे आहेत ते.