६३१० बेअरिंगच्या तक्रारीला दुकानाचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की तुमच्या गरम हवेच्या ब्लोअरला आमच्याकडून नेलेलं ६३१० बेअरिंग दोन महिन्यांत जाम झालं, दर आठवड्याला ग्रीस मारूनही गेलं, म्हणजे माल डुप्लिकेट, आणि बदलून मागितलं तर आम्ही नाही म्हणालो. नाही म्हणालो हे खरं. डुप्लिकेटचा आरोप मात्र मान्य नाही. शिरोली एमआयडीसीतले बरेच जण हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुमच्या फिटरनी गेलेलं बेअरिंग आणलं, ते त्यांच्यासमोरच कापलं. ग्रीस जळून काळं झालेलं, गोळ्यांवर निळसर-तपकिरी झाक. खरी गोष्ट सांगतो तो ट्रॅक, म्हणजे गोळ्या फिरून रिंगांवर उमटलेला पट्टा. शाफ्ट फिरतो आणि लोड एकाच बाजूला असतो, तेव्हा आतल्या रिंगवर पट्टा पूर्ण गोल उमटतो, पण बाहेरच्या रिंगवर फक्त लोडच्या बाजूला. तुमच्या बेअरिंगच्या दोन्ही रिंगांवर तो पूर्ण गोल आहे. म्हणजे आतला क्लिअरन्स (गोळ्या आणि रिंगांमधली मोकळी जागा) संपून गोळ्या चारी बाजूंनी दाबल्या गेल्या.

असं का झालं? ब्लोअर गरम हवा ओढतो. शाफ्ट तापतो, त्याच्याबरोबर आतली रिंग तापते. बाहेरची रिंग हाऊसिंगमुळे (बेअरिंग ज्यात बसतं ते घर) त्या मानानं थंड राहते. दोघींत २० अंशांचा फरक पडला तरी या मापाला आतली रिंग साधारण १५ मायक्रॉन जास्त फुगते. ५० मिलिमीटर बोअरच्या (आतल्या भोकाच्या) बेअरिंगला नॉर्मल क्लिअरन्स असतो ६ ते २३ मायक्रॉन, आणि शाफ्टवर घट्ट बसवताना त्यातलाही काही जातो. उरलं काय? सी३, म्हणजे जादा क्लिअरन्सच्या बेअरिंगमध्ये, तो १८ ते ३६ असतो. तुमच्या जुन्या बेअरिंगवर ६३१० सी३ असंच कोरलेलं होतं, तेही फिटरनीच दाखवलं. फोनवर मागणी आली ती ६३१० झेडझेडची, म्हणजे सी३ नाही, नॉर्मल क्लिअरन्सचं; बिलावरही तेच आहे. ‘कुठल्या मशीनला?’ असं आमच्या मुलानं विचारलं, तर ‘नंबर सांगितलाय ना’ असं उत्तर मिळालं.

आता ग्रीसचं. जुनं बेअरिंग उघडं होतं, म्हणून हाऊसिंगच्या निपलमधून मारलेलं ग्रीस त्याच्यात जायचं. झेडझेडला दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या शील्ड असतात. कंपनीनं आत भरलेल्या ग्रीसवरच ते चालतं. तुम्ही आठवड्याला मारलेलं ग्रीस शील्डच्या बाहेर हाऊसिंगमध्ये साचत राहिलं, आणि हाऊसिंग गच्च भरलं की उष्णता बाहेर पडायलाही अडचण.

‘मग सगळ्यांना सी३च द्या की,’ असं कुणी म्हणेल. भावात नावापुरता फरक आहे, आम्हाला काहीच अडचण नाही. पण थंड चालणाऱ्या, नेमकेपणा लागणाऱ्या स्पिंडलला जादा क्लिअरन्स चालत नाही, आवाज येतो. व्हायब्रेटिंग स्क्रीनला तर बॉल बेअरिंग नकोच, तिथं स्फेरिकल रोलर (गोळ्यांऐवजी पिंपाच्या आकाराचे रोलर असलेलं), तेही बहुतेक वेळा सी४, म्हणजे सी३पेक्षाही मोकळं. म्हणून आम्ही मशीन विचारतो, भाव वाढवायला नाही.

बाजारात डुप्लिकेट माल फिरतो, हे मी नाकारत नाही. एसकेएफ, शेफलर यांची त्यासाठी मोबाइल ॲप आहेत. त्या कंपन्यांचा माल कुठूनही घ्या, काउंटरवरच तपासा. आमच्याकडे तपासलंत तर राग येणार नाही. तुमच्या बेअरिंगचं खोकं फिटरकडे असेल तर तेही घेऊन या, निर्मात्या कंपनीकडे तपासणीला पाठवू. माल नकली निघाला तर पूर्ण पैसे परत, आणि हे उत्तर मी स्वतः काढून टाकीन. पण क्लिअरन्स संपून जळालेलं बेअरिंग फुकट बदलून देणार नाही.

उघडं ६३१० सी३ स्टॉकमध्ये आहे. ते नेण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. जाम झालेली आतली रिंग शाफ्टवर फिरली असेल तर शाफ्ट झिजलेला असतो; मायक्रोमीटरनं दोन-तीन ठिकाणी माप घ्या, कमी भरलं तर नवं बेअरिंगही सैल बसेल. दुसरं, ब्लोअरच्या दोन्ही टोकांची बेअरिंगं हाऊसिंगमध्ये पक्की बांधलेली नाहीत ना? एक मीटरचा शाफ्ट ५० अंशांनी तापला की सुमारे ०.६ मिलिमीटर लांबतो, तेवढं सरकायला एका टोकाला जागा हवी. मापं घेऊन फिटरना पाठवा. बेअरिंग काढायला पुलर आणि गरम करून बसवायला हीटर दुकानात आहे, हातोड्यानं ठोकून बसवू नका.