सात बाटल्या, पावणेदोन युरो

गेल्या महिन्यात पुण्याला गेले होते. सदाशिव पेठेतल्या घरी जेवताना जुना वाद पुन्हा निघाला. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस'साठी 'वीस एक', 'बासष्ट'साठी 'साठ दोन' असं वाचन आलं आणि महाराष्ट्रभर टिंगल झाली, ते प्रकरण. भाऊ अजूनही तावातावाने बोलतो. तेव्हा स्टुटगार्टमध्ये बसून मीही विनोद पुढे ढकलले होते.

मग लेक तिथल्या शाळेत जायला लागली. जर्मनमध्ये 47 म्हणजे 'सात आणि चाळीस'. बाईंनी आकडा सांगितला की ही आधी सात लिहायची, मग पुढे चार. झाले 74! आपलं सत्तेचाळीस तरी काय वेगळं? नॉर्वेने 1951 मध्ये असाच क्रम बदलला; काही लोक जुनं बोलत राहिले, भाषा काही बुडाली नाही. ते पुस्तक करणाऱ्या मंगला नारळीकरांच्या समितीला दिसलेली अडचण खरी होती, हे मला उशिरा पटलं.

पण भावाकडे खटकलं ते वेगळंच. त्या घरात आकडे कुणाच्या तोंडीच नाहीत. वहिनीबरोबर मंडईत गेलो. पाव किलो गवार, अर्धा पाव मिरच्या, फोन धरला, टुंग, झालं. सुट्ट्यांची घासाघीस नाही की 'वरच्या पाचाची कोथिंबीर घाला' नाही. भाचा तिसरीत आहे, अबॅकसच्या क्लासला जातो. अर्धा पाव म्हणजे किती ग्रॅम, ते त्याला सांगता येईना. त्याचा काय दोष? त्याला कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आमच्याकडे रोख पैसे अजून चालतात. (तो सद्गुण नव्हे, जर्मन हट्ट आहे.) पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट अनामत असते, दुकानातल्या यंत्रात बाटली टाकली की परत मिळते. एकदा सात बाटल्या टाकल्या. पावती यायच्या आत लेक म्हणाली, "चारांचा एक, तिनांचे पाऊण. आई, पावणेदोन!" मी बघतच राहिले. ही पावकी, म्हणजे पावाचा पाढा, आजीची, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर शिकवलेली. मला स्वतःला ती येत नाही; आमच्या वेळी जुनाट म्हणून सोडून दिली होती.

गंमत म्हणजे जर्मन माणूस अडीच वाजले की 'अर्धे तीन' म्हणतो, आणि आपल्या 'अडीच'चं मूळही 'अर्धतृतीय'च. दीडसाठीही त्यांच्याकडे 'अर्धा दुसरा' अशा घडणीचा शब्द आहे. म्हणून लेकीला हे शब्द परके वाटले नसावेत.

निघायच्या आदल्या दिवशी तिने आजीला गाठलं.

"साडेतीन असतं, साडेचार असतं. मग साडेएक का नाही?"

आईचं लाटणं जरा थांबलं.

"नाही म्हणत बाई तसं," ती म्हणाली. "दीड वाढू की दोन?"